सातबाऱ्याचा आराखडा प्रोग्रामरच्या हाती

कोणतीही मोठी संगणकीय प्रणाली उभारण्यापूर्वी तिच्या डेटाबेसचा आराखडा आखला जातो आणि तो एका अहवालाच्या रूपाने मांडला जातो. डेटाबेस म्हणजे ठरावीक रचनेत, परस्परांशी संबंध जोडून साठवलेली माहिती. आणि तिचा आराखडा म्हणजे कोणती माहिती कोणत्या तक्त्यात, कोणत्या नावाने, कोणत्या मापात व कोणत्या नियमांनी बांधून ठेवायची याविषयी आधीच घेतलेले निर्णय. हा अहवाल बहुधा मंजुरीसाठी लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात प्रस्तावना, उद्दिष्टे, आकृत्या आणि पानोपानी तक्ते असतात, पण प्रत्यक्ष प्रणाली लिहिणाऱ्या डेव्हलपरला जे हवे असते ते त्यात विखुरलेले, कधी अर्धवट आणि पुष्कळदा परस्परविसंगत असते. ही अडचण केवळ संगणक विभागातील लोकांची आहे असे वाटू शकते. तथापि अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या वऱ्हाडाच्या गाभ्यात, ज्या कुटुंबाच्या नावावर शेत आहे त्याचा सातबारा आज डेटाबेसमधूनच निघतो. आणि त्या उताऱ्यावर पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत आणि जमिनीचा व्यवहार हे सारेच अवलंबून असल्यामुळे, आराखड्यातील एखादी ओळ प्रोग्रामरने कशी वाचली याचा परिणाम थेट शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो.

सातबारा हा मुळातच एक आराखडा आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 आणि तिच्याखाली 1971 मध्ये झालेले अधिकार अभिलेखाविषयीचे नियम यांनी या नोंदींना आजचे स्वरूप दिले, आणि गावपातळीवरील महसुली लेखे एक ते एकवीस अशा गाव नमुन्यांत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक, म्हणजे जमीन कोणाची, किती आणि कोणत्या हक्काने धारण केलेली आहे याची नोंद. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंचा एकत्र उतारा तो सातबारा. नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही असून खरेदी, वारसा, वाटणी, बोजा असा प्रत्येक बदल तिच्यात क्रमांकाने लिहिला जातो, तर नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराची त्या गावातील सर्व जमीन एकत्र दिसते. प्रत्येक नमुन्याचे रकाने ठरलेले, एका नमुन्यातील क्रमांक दुसऱ्यात नेऊन जुळवायचा आणि बदल झाला तर तो फेरफाराच्या आधाराशिवाय लिहायचा नाही, ही सारी शिस्त संगणक येण्याच्या कितीतरी आधी तलाठ्याच्या, वऱ्हाडातील बोलीत पटवाऱ्याच्या, दप्तरात होती.

संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने 1970 च्या निबंधात मांडली, आणि वस्तू व त्यांच्यातील संबंध आकृतीने दाखवण्याची पद्धत पीटर चेन यांनी 1976 मध्ये दिली; आजचे बहुतेक आराखडे याच दोन पायांवर उभे असतात. कॉड यांच्या मांडणीत माहिती टेबलांत, म्हणजे आडव्या ओळी आणि उभे कॉलम असलेल्या तक्त्यांत राहते. प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखून देणाऱ्या कॉलमला प्रायमरी की म्हणतात. आणि एका टेबलातील ओळ दुसऱ्या टेबलातील ओळीकडे जिच्यामुळे बोट दाखवू शकते ती फॉरेन की. सातबाऱ्यावर नावासमोर लिहिलेला खाते क्रमांक आठ-अ कडे बोट दाखवतो आणि वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक नमुना सहाकडे. म्हणजे फॉरेन कीचे काम त्या कागदावर पिढ्यान्‌पिढ्या होतच आले आहे.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना 1988-89 मध्ये सुरू झाली, 2008 मध्ये आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ई-फेरफार ही प्रणाली उभी राहिली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला, सप्टेंबर 2020 मध्ये उताऱ्याचा नमुनाच बदलला, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः मोबाइलवर आपले पीक नोंदवू लागले. राज्यातील सातबाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे. एवढ्या पसाऱ्यावर काम करणारी एखादी नवी उपप्रणाली लिहायची झाली, तर तिच्या आराखड्याचा अहवाल वापरण्याजोगा करणे म्हणजे नेमके काय, हे दोन-चार ठिकाणी जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. पुढील उदाहरणे सातबाऱ्याच्या सर्वांना दिसणाऱ्या स्वरूपावरून घेतलेली आहेत. कोणत्याही चालू प्रणालीच्या अंतर्गत रचनेचे ते वर्णन नाही.

पहिली अडचण क्षेत्राची आहे, आणि ती वरवर पाहता अडचण वाटतच नाही. समजा, अहवालात ‘क्षेत्र: हे. आर. चौ. मी.’ एवढीच नोंद आहे आणि उदाहरण म्हणून 2.43.50 असे लिहिले आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला याचा अर्थ दोन हेक्टर, त्रेचाळीस आर, पन्नास चौरस मीटर असा तत्काळ कळतो. पण दोन टिंबे असलेली ही आकृती संगणकाच्या लेखी संख्याच नव्हे, म्हणून घाईतला प्रोग्रामर तो कॉलम अक्षरी ठरवतो, आणि मग बेरीज करता येत नाही, लहान-मोठे ठरवता येत नाही, चुकून लिहिलेले 2.4.350 देखील निमूटपणे आत जाते. वापरण्याजोग्या स्वरूपात हीच नोंद अशी हवी की क्षेत्र चौरस मीटरमध्ये पूर्णांक म्हणून साठवावे, एका हेक्टरचे शंभर आर व एका आरचे शंभर चौरस मीटर धरावेत, वरील क्षेत्र 24,350 असे लिहिले जावे आणि तीन भागांची मांडणी फक्त पडद्यावर व छापील उताऱ्यावर व्हावी.

जुन्या कागदांत तर क्षेत्र एकर आणि गुंठ्यांत असते. सहा एकर दहा गुंठे हे 6.10 असे लिहिलेले सापडले आणि कोणी ते दशांश अपूर्णांक म्हणून वाचले, तर चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे प्रत्यक्षात सव्वासहा एकर असलेले शेत सहा पूर्णांक एक दशांश एकर होऊन बसते, म्हणजे सहा गुंठे, सुमारे 607 चौरस मीटर जमीन, कागदावरून नाहीशी होते. या चुकीत कोणाचा डाव नसतो आणि कोणाची लबाडीही नसते. आराखड्यात टिंबाचा अर्थ लिहिलेला नव्हता, इतकेच तिचे कारण. म्हणूनच मापाचे एकक, जुन्या एककातून नव्यात येण्याचे सूत्र आणि उरलेल्या अंशाचे काय करायचे याचा नियम या तीन गोष्टी कॉलमच्या वर्णनातच असल्या पाहिजेत. उरलेल्या अंशाचा प्रश्न वाटणीच्या वेळी हमखास येतो: 24,350 चौरस मीटरचे तीन भावांत सारखे भाग केले तर प्रत्येकी 8,116 येऊन दोन चौरस मीटर उरतात, आणि ते कोणाच्या हिश्शात घालायचे हे ठरलेले नसेल तर तिन्ही हिश्शांची बेरीज गटाच्या, म्हणजे स्वतंत्र क्रमांक असलेल्या त्या जमिनीच्या तुकड्याच्या, एकूण क्षेत्राशी कधीच जुळत नाही.

क्षेत्राइतकाच नावांचा प्रश्न नाजूक आहे. एकट्या अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार असे दोन तालुके आहेत, धामणगाव रेल्वे आहे तसे धामणगाव गढी आहे, नांदगाव खंडेश्वर आहे तसे नांदगाव पेठ आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यात अकोट आणि आकोट, मूर्तिजापूर आणि मुर्तिजापूर अशी एकाच गावाची दोन-दोन लेखने शासकीय कागदांतही भेटतात. अहवालातील आकृतीत ‘गाव’ या चौकोनात ‘गावाचे नाव’ ही की दाखवलेली असेल, तर ती आकृती दिसायला कितीही सुबक असली तरी तिच्यावर प्रणाली उभी राहू शकत नाही. यासाठी सांकेतांक असतात. 2020 नंतरच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाबरोबर केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील, म्हणजे एलजीडीमधील, सांकेतांक छापला जातो. पण सांकेतांकांच्या याद्याही एकाहून अधिक आहेत: 2011 च्या जनगणनेत अकोल्याचा जिल्हा सांकेतांक 501 आणि अमरावतीचा 503 होता, तर एलजीडीने जिल्ह्यांना स्वतःचे वेगळे क्रमांक दिले आहेत. ‘जिल्हा सांकेतांक’ एवढेच लिहून अहवाल पुढे सरकला, तर दोन प्रोग्रामर दोन याद्या वापरतील आणि दोघेही आपल्या जागी बरोबरच असतील.

शिवाय जिल्हे बदलतात. वाशीम 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे रिसोड किंवा मंगरूळपीर तालुक्यातील त्यापूर्वीच्या फेरफारावर अकोला जिल्हा असणे योग्य आहे आणि आजच्या उताऱ्यावर वाशीम असणे योग्य आहे. ही दोन्ही उत्तरे एकाच डेटाबेसमधून मिळायची तर तालुका कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या जिल्ह्यात होता हे सांगणारे दोन कॉलम लागतात. अहवालाच्या प्रस्तावनेत ‘विभाजनाची नोंद घेतली जाईल’ असे वाक्य असते. ते वाक्य या दोन कॉलमांत उतरले पाहिजे, अन्यथा ते तिथेच राहते.

वऱ्हाडाच्या इतिहासाचा एक धागा तर थेट सातबाऱ्याच्या एका रकान्यात येऊन मिळतो. 1954 च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन हक्क मानले होते; 1956 मध्ये वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, आणि 1966 च्या महाराष्ट्र संहितेने भोगवटादार वर्ग 1 व वर्ग 2 ही विभागणी आणली, ज्यात वर्ग 2 ची जमीन हस्तांतरित करण्यावर निर्बंध असतात. अकोला-अमरावतीकडच्या जुन्या नोंदींत भूमिस्वामी व भूमिधारी हे शब्द आजही वाचायला मिळतात. आराखड्यात ‘भूधारणा पद्धती’ या कॉलमची मान्य मूल्ये केवळ दोन दिली असतील, तर हे शब्द आले की प्रणाली एकतर ती ओळ नाकारील किंवा आपल्या मनाने कुठे तरी बसवील. आणि निर्बंध असलेली जमीन निर्बंधमुक्त दिसली काय किंवा उलटे झाले काय, त्याचा त्रास दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात उभ्या असलेल्या माणसाला होतो. मान्य मूल्यांची यादी, प्रत्येक मूल्याचा अर्थ, जुन्या शब्दाचे नव्याशी नाते आणि ते नाते कोणत्या अधिकाऱ्याने तपासून द्यायचे हे सारे मिळून जे स्वतंत्र टेबल होते त्याला संकेतसूची म्हणता येईल, आणि चांगल्या रूपांतरातील अर्धे श्रम अशा सूचींवर खर्च होतात, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

काही अर्थ तर शब्दांतही नसून खुणांत असतात. सातबाऱ्यावर एखादे नाव कंसात असले तर ती नोंद कमी झाली असा महसुली संकेत होता, आणि ‘नावाला कंस केला’ हा वाक्प्रयोग गावोगाव परिचित आहे. 2020 च्या नव्या नमुन्यात मयत खातेदार, फिटलेले बोजे व ई-करार यांच्या नोंदी कंसाऐवजी आडवी रेघ मारून दाखवल्या जातात. हा संकेत ठाऊक नसलेला प्रोग्रामर कंसाला नावाचाच भाग समजेल आणि मयत खातेदार जिवंत खातेदारांच्या यादीत जाऊन बसेल. योग्य आराखड्यात ‘नोंदीची स्थिती’ हा स्वतंत्र कॉलम असतो, ती स्थिती कोणत्या फेरफाराने बदलली त्याचा क्रमांक शेजारी असतो, आणि कंस किंवा रेघ हा केवळ छपाईचा भाग उरतो.

देवनागरीची एक सूक्ष्म अडचणही येथेच सांगावी लागेल, कारण ती खुद्द ‘वऱ्हाड’ या शब्दात आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, या शब्दातील रफाराचा विशिष्ट आकार दोन रीतींनी टाइप करता येतो: एकतर स्वतंत्र ‘ऱ’ हे अक्षर आणि हलन्त वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न असल्यामुळे एका रीतीने शोधलेले नाव दुसऱ्या रीतीने साठवलेल्या नावाशी जुळत नाही, आणि ‘कुऱ्हे’ किंवा ‘गोऱ्हे’ आडनावाच्या खातेदाराला संगणकाने ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर द्यावे हे शक्य होते. साठवण्यापूर्वी सर्व नावे एकाच रीतीत आणावीत हा नियम आराखड्याच्या अहवालात क्वचितच असतो, कारण अहवाल कागदावर छापला की हा भेद दिसतच नाही.

नमुना बारामध्ये आराखड्याची आणखी एक कसोटी लागते. वऱ्हाडात कपाशीच्या ओळींत तुरीचे तास टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे, म्हणजे एकाच गटात, एकाच हंगामात दोन पिके. कागदी नमुन्यात मिश्र पिकांसाठी रकाने होते. पण ‘पीक’ असा एकच कॉलम असलेल्या टेबलात ही माहिती ‘कापूस, तूर’ अशी एकत्र लिहिली जाते आणि मग तालुक्यातील तुरीखालचे क्षेत्र मोजताना ती निसटते. कॉड यांच्या सिद्धान्ताची पहिलीच अट अशी आहे की एका चौकटीत एकच मूल्य असावे. ती पाळायची तर गट, वर्ष, हंगाम आणि पीक मिळून एक ओळ करावी लागते, व कपाशी-तुरीच्या शेताला दोन ओळी मिळतात, ज्यांत क्षेत्राची विभागणी व सिंचनाचे साधन वेगवेगळे लिहिता येते. वरूड-मोर्शीच्या संत्राबागेला हाच तक्ता वेगळ्या प्रकारे लागू होतो, कारण फळबाग वर्षानुवर्षे उभी असते आणि खरीप-रब्बी ही विभागणी तिला तितकीशी लागू पडत नाही. आराखडा आखणाऱ्याने हे शेत पाहिले नसेल तर त्याच्या आकृतीत ते येणार नाही.

आता प्रत्यक्ष रूपांतराकडे वळता येईल. वर्डमध्ये किंवा पीडीएफमध्ये असलेला अहवाल डेव्हलपरच्या उपयोगी पडावा यासाठी त्यातील प्रत्येक कॉलमची एक ओळ करून डेटा डिक्शनरी, म्हणजे डेटाबेसमधील प्रत्येक नावाचा अर्थ सांगणारी सूची, तयार करावी लागते. तिच्यात टेबलाचे नाव, कॉलमचे नाव, प्रकार, एकक, रिकामे चालते की नाही, संकेतसूची कोणती, मूळ गाव नमुना व रकाना कोणता, आणि मराठीत एका वाक्यात अर्थ, एवढे असावे. ही सूची साध्या सीएसव्ही फाइलमध्ये ठेवली तर ती माणसाला एक्सेलमध्ये उघडता येते आणि यंत्रालाही वाचता येते. तिच्यावरून डेटाबेस निर्माण करणारी एसक्यूएल स्क्रिप्ट आपोआप लिहून घेता येते. पोस्टग्रेससारख्या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये प्रत्येक टेबल व कॉलमला टिपण जोडण्याची सोय आहे, त्यामुळे मराठीतील अर्थ थेट डेटाबेसच्या आतच राहतो, आणि स्कीमास्पायसारखे साधन त्या टिपणांसह संबंधांच्या आकृत्या पुन्हा काढून देते. याचा मोठा लाभ असा की आकृती आणि प्रत्यक्ष रचना यांत फरक पडत नाही. अहवालातील आकृती मात्र मंजुरीच्या दिवशीच जुनी होऊ लागते.

नावांच्या बाबतीत एक निर्णय आरंभीच घ्यावा लागतो. फेरफार हा शब्द एका ठिकाणी रोमन लिपीत तसाच, दुसऱ्या ठिकाणी त्याचा इंग्रजी प्रतिशब्द आणि तिसऱ्या ठिकाणी संक्षेप अशा तीन रूपांत आला, तर नव्याने रुजू झालेला प्रोग्रामर त्या तीन वेगळ्या वस्तू समजतो. महसुली शब्द शक्यतो तसेच ठेवावेत, कारण चूक आढळली की शेवटी तलाठ्याशी, ज्यांचे पदनाम 2024 मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले, किंवा मंडळ अधिकाऱ्याशीच बोलावे लागते आणि त्यांच्या तोंडी खाते, गट, पोटखराब, इतर हक्क हेच शब्द असतात.

असे रूपांतर करू शकणारे हात याच भागात घडू शकतात. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून आहे, बडनेऱ्याचे प्रा. राम मेघे यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून, आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापनाही 1983 चीच. या परिसरात डेटाबेस हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची उणीव नाही. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात बांधीव अहवालाबरोबर डेटा डिक्शनरी, चालणारी स्क्रिप्ट आणि नमुन्याची माहिती देणे अनिवार्य केले, आणि त्यासाठी एखाद्या गावाचे नमुने विद्यार्थ्यांनी तलाठी कार्यालयात बसून समजून घेतले, तर या विद्येचे आणि या मातीचे नाते जुळण्यास मोठी मदत होईल.

राहता राहिले नियम, आणि खरे म्हणजे आराखड्याचा जीव त्यांच्यातच असतो. फेरफार नोंदवल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. अहवालात हे परिच्छेदरूपाने येते. डेव्हलपरसाठी त्याचे तीन तपासण्याजोगे नियम होतात: नोटीस बजावल्याच्या तारखेविना प्रमाणन नाही, मुदत संपण्यापूर्वी प्रमाणन नाही, आणि नोंद घेणारा व प्रमाणित करणारा एकच असू शकत नाही. त्याचप्रमाणे लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, क्षेत्र यांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राएवढी असली पाहिजे, सर्व खात्यांच्या क्षेत्रांची बेरीजही तेवढीच आली पाहिजे, आणि सातबाऱ्यावरील प्रत्येक खाते क्रमांक आठ-अ मध्ये सापडला पाहिजे. ई-फेरफारमध्ये विसंगती शोधणाऱ्या अशाच तपासण्या ओडीसी अहवाल या नावाने ओळखल्या जातात आणि ते अहवाल ‘निरंक’ करणे, म्हणजे त्यांत एकही चुकीची नोंद उरू न देणे, हे तलाठी कार्यालयांतील नित्याचे काम झाले आहे. आराखड्यातील नियम आरंभीच चाचण्यांच्या रूपात लिहिले तर चुका आत शिरतानाच अडतात. तरीही जुन्या हस्तलिखित नोंदी आणताना काही गट अडणारच, आणि अशा गटांची यादी मूळ उताऱ्याच्या प्रतीसह संबंधित साझ्याकडे, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्राकडे, परत पाठवण्याची वाट प्रणालीत असली पाहिजे, कारण लेखनप्रमाद दुरुस्त करून खरे क्षेत्र कोणते हे ठरवण्याचा अधिकार संहितेच्या कलम 155 प्रमाणे महसूल अधिकाऱ्याचा आहे आणि बेरीज जुळवण्यासाठी प्रोग्रामरने तो आकडा स्वतः बदलता कामा नये.